कोरी पानं

विद्यापीठाच्या तळघरात, छपाईच्या खोलीत
मे महिना म्हणजे प्रबंधांचा ढीग.
गणिताचे लोक येतात, भूगर्भाचे येतात,
आणि चार-पाच जण संगीताचे,
ज्यांची पानं माझ्या कुठल्याच मशीनला धार्जिणी नाहीत.

ऊना गेडिसची तर ए-थ्री, आडवी, हातानं लिहिलेली.
सात रचना, बहात्तर मिनिटं,
आणि शेवटी दहा हजार शब्दांत
हे सगळं का केलं त्याचा खुलासा.
"तो नाही दिला तर पास करत नाहीत," ती म्हणाली,
बोटांवरची शाई जीन्सला पुसत.

मला सुरांतलं ओ की ठो कळत नाही.
मी पानांचा क्रम बघतो, समास बघतो,
भोक कुठल्या खुणेवर पडू नये एवढं बघतो.
तरी हाताखालून जाताना कळतं काहीबाही.
पहिल्या तीन रचना खच्चून भरलेल्या,
पहिल्यांदाच घर सोडणाऱ्या पोरीच्या बॅगेसारख्या.
चौथी बास क्लॅरिनेट आणि फ्रीजसाठी.
हो, फ्रीज. वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावरचा.
वाजवणारा पावेल म्हणे तक्रार करत होता,
फ्रीज माझ्यापेक्षा सुरात आहे.
पाचवीच्या मूळ पानावर लॉरिमर बाईंची पेन्सिल:
हे तुझं आहे, की तुला आवडणाऱ्या कुणाचं?
खाली उत्तर, इतक्यांदा खोडलेलं
की उजेडाला धरलं तर पलीकडचा मी दिसतो.

सहावीचं एक्केचाळिसावं पान कोरं.
बेचाळिसावंही. नुसत्या रेघा.
मशीन थांबवलं, फोन लावला:
बाई, दोन पानं लिहायची राहिलीत.
"राहिली नाहीत," ती म्हणाली. "तिथे धुकं आहे.
आमच्या गावचा भोंगा बंद झाला तेव्हा मी चार वर्षांची.
वाजायचा, मग चाळीस सेकंद गप्प.
वाजणं आठवत नाही मला. गप्प बसणं आठवतं."

कुठलं गाव?
तिनं सांगितलं.
आमच्यापासून किनाऱ्यानं सहा मैल.

मी ऐकलाय तो. तीस वर्षं.
माझ्या बापाची बोट त्याच्या मागं मागं घरी यायची.
गाव त्याला गाय म्हणायचं.

अर्ध्या तासात ती खाली हजर.
"काढून दाखवा."
मी, जो चर्चमध्येही नुसते ओठ हलवतो,
कटिंग मशीन आणि लॅमिनेटरच्या मधे उभा राहून
पोटातून हंबरलो.
ती फोनवर सूर देत होती. हा? आणखी खाली.
हा? आणखी.
हां. पण शेवटी बसायचा तो,
धार काढून झाल्यावर गाय बसते तसा.

"बंदरावरचे म्हातारे शिवी याच्यापेक्षा वर सांगतात," ती म्हणाली.
"आई त्याच्याहून वर."
मग चुकतंय कोण?
तिनं खांदे उडवले, टोपण दातांत धरलं
आणि माझ्या टेबलावर, चारला जमा करायचं असताना,
कोऱ्या पानाच्या आधीच्या रेघेत
तिन्ही सूर एकावर एक लिहिले,
तिन्ही प्रतींत, घाईघाईत,
तिन्ही प्रतींत थोडे वेगवेगळे.
शाई वाळायच्या आत मी कड दाबली.
खुलाशात याचा उल्लेख नाही. मी वाचून बघितला.

पैसे द्यायला विसरली. आठवड्यानं दिले.
पास झाली की नाही ते विचारायचं
माझ्याही लक्षात राहिलं नाही.

काल भूगर्भाचा एक मुलगा प्रबंध ठेवून गेला,
खडकांचे थर, रंगीत नकाशे.
त्याचं अठ्ठ्याऐंशीवं पान कोरं निघालं.
मी मशीन थांबवलं.
फोन उचलला, खाली ठेवला,
मनात चाळीसपर्यंत मोजलं,
मग नंबर फिरवला.